आधी चलनबुक वाचा, मग टूल निवडा

लो-कोड म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘म्हणजे कोडिंग येत नसलं तरी चालतं ना?’ चालतं. पण तेवढ्या उत्तरावर टूल घेणाऱ्यांचं पुढे काय होतं, ते मी कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, आणि थोडंफार भोसरीत, जवळून पाहिलं आहे. लहान कारखान्यांना रोजच्या कामाची ॲप्स बसवून देणं हा माझा धंदा. त्यातही मुख्यतः जॉबवर्कचा हिशेब. फाउंड्रीतून निघालेलं कास्टिंग एकाकडे फेटलिंगला जातं, दुसऱ्याकडे मशीनिंगला, तिसऱ्याकडे रंगाला. परत येतं ते हप्त्याहप्त्यानं, आणि त्यातलेही काही नग रिजेक्ट. मालकाला हवं असतं एवढंच, की आज माझे किती नग कोणाकडे पडून आहेत. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला दिलेला माल वर्षाच्या आत परत यावा लागतो. नाही आला तर पाठवला त्याच दिवशी तो विकला असं धरलं जातं आणि कर लागतो. म्हणून या साध्या प्रश्नाचं उत्तर चुकलं की ते खिशाला लागतं.

१. टूल सुरू कुठून होतं, ते आधी बघा

जाहिरातीत सगळी लो-कोड टूल्स सारखीच दिसतात. माझ्या डोक्यात त्यांचे चार गट आहेत. काही शीटपासून सुरू होतात: ॲपशीटला गूगल शीट दाखवली की तिच्यावरून ॲप उभं राहतं. गूगलनं जानेवारी २०२० मध्ये ही कंपनी विकत घेतली. काही पडद्यापासून सुरू होतात: मायक्रोसॉफ्ट पॉवर ॲप्समधली कॅनव्हास ॲप्स किंवा ॲपस्मिथ. बटण कुठे, रकाना कुठे, हे तुम्ही मांडता. डेटा मागून जोडता. काही तक्त्यापासून किंवा फॉर्मपासून: झोहो क्रिएटरमध्ये फॉर्म आखला की त्यामागचा तक्ता आपोआप तयार होतो, आणि डेटाव्हर्सवर उभी राहणारी पॉवर ॲप्सची ‘मॉडेल-ड्रिव्हन’ ॲप्स तर तक्ते आणि त्यांची नाती ठरवल्याशिवाय पुढेच सरकत नाहीत. आणि काही दस्तऐवजापासून: मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं फ्रेमवर्क, ज्यावर ईआरपीनेक्स्ट बांधलेलं आहे, ते चलन, पावती, ऑर्डर अशा कागदाच्या भाषेतच विचार करतं.

एकाच कंपनीच्या एकाच नावाखाली दोन वेगळे मार्ग असू शकतात, हे पॉवर ॲप्सवरून दिसेलच. त्यामुळे ‘आम्ही मायक्रोसॉफ्टचं घेतलंय’ या वाक्यातून मला काहीच कळत नाही. टूल जिथून सुरू होतं तिथे ते बळकट असतं, आणि डेमोत नेमकं तेवढंच दाखवतात. तुमच्या कामाची गाठ कुठे आहे, ते डेमो देणाऱ्याला माहीत नसतं.

२. गाठ चलनबुकाच्या समासात असते

मालकाशी बोलून जी माहिती मिळते, ती काम कसं चालायला हवं याची असते. काम कसं चालतं, ते भरलेल्या जुन्या चलनबुकात दिसतं. छापील रकान्यांत नव्हे, समासात. ‘३ नग ब्लोहोल, परत’, ‘बाकी सोमवारी’, ‘मागच्या चलनातले १२ यात धरले’, असं पेन्सिलीनं खरडलेलं. ही शेवटची नोंद महाग आहे. पाठवलेलं एक चलन चार खेपांत परत येतं हे कोणालाही सुचतं. पण परत आलेल्या एका खेपेत तीन वेगवेगळ्या चलनांचे नग मिसळलेले असतात, हे पेन्सिल सांगते.

आता हे शीटमध्ये बसवून बघा. एक ओळ: चलन क्रमांक, पाठवले १००, आले ८०. दुसरी खेप आली की ८० पुसून ९५ करायचे. पहिली खेप कधी आली, त्यात रिजेक्ट किती होते, सगळं गेलं. शीटमध्येही जावक, आवक आणि दोन्ही जोडणारा असे तीन तक्ते करता येतात, ॲपशीट ते समजूनही घेतं. पण शीट म्हणजे कोणीही उघडून बदलू शकेल असा कागद. शिवाय ॲपशीटमध्ये ओळीची ओळख म्हणून ओळीचा क्रमांकच धरला असेल आणि अकाउंटंटनं एका दुपारी शीट तारखेप्रमाणे सॉर्ट केली, तर आवक भलत्याच जावकेला जाऊन चिकटते. प्रत्येक ओळीला स्वतःची वेगळी खूण द्यावी लागते; ती सोय टूलमध्ये आहे, ती वापरायचं भान माणसात असावं लागतं.

माझा ढोबळ नियम असा: नोंद एकदा झाली की पुन्हा तिच्याकडे वळायचं नसेल, म्हणजे हजेरी, मशीनची रोजची तपासणी, भट्टीचं तापमान, तर शीटपासून सुरू होणारं टूल बिनधास्त घ्या. त्या कामाला त्याहून जड काही घेणं ही उधळपट्टी. नोंदींचा एकमेकींशी हिशेब लागत असेल, तर तक्त्यापासून किंवा दस्तऐवजापासून सुरू होणारं टूल.

३. क्रमांक कोण देणार, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका

या एका प्रश्नावर मी अर्धी निवड करतो. जीएसटीच्या नियम ५५ प्रमाणे डिलिव्हरी चलनाला ओळीनं क्रमांक लागतो, तो १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही, आणि चलनाच्या तीन प्रती निघतात: माल घेणाऱ्याची, वाहतूकदाराची आणि पाठवणाऱ्याची. कागदी बुकात क्रमांक छापूनच येतो, म्हणून तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. ॲपमध्ये तो कोणीतरी तयार करावा लागतो.

भट्टीच्या शेडमध्ये पत्र्याखाली मोबाइलची रेंज येते-जाते. म्हणून ऑफलाइन चालणारं ॲप हवंच, असा सगळ्यांचा आग्रह. शीटवरच्या ॲपमध्ये सोपी युक्ती असते: आतापर्यंतचा सगळ्यांत मोठा क्रमांक घ्या, त्यात एक मिळवा. दोन फाटकांवर दोन फोन, दोन्ही ऑफलाइन. दोघांनाही शेवटचं चलन ११७ दिसतंय. दोघंही ११८ फाडतात, दोन गाड्या एकाच क्रमांकावर रस्त्याला लागतात. रेंज आली की फोन गपचूप दोन्ही नोंदी वर चढवतात. कोणालाच काही कळत नाही, ऑडिटला कळतं.

क्रमांक सर्व्हरनंच द्यायचा ठरवलं तर हा घोळ होत नाही, पण मग रेंज नसताना चलन निघत नाही. दोन्ही एकदम मिळत नाही. ‘ऑफलाइनही चालतं आणि क्रमांकही सलग’ असं विक्रेता सांगत असेल, तर दोन फोन एरोप्लेन मोडवर टाकून त्याच्यासमोर ठेवा. मार्ग आहे, तो नियमातच आहे: नियम ५५ एकापेक्षा जास्त मालिका चालवू देतो. प्रत्येक फाटकाला स्वतःची मालिका द्या, एकाची ‘अ’ची, दुसऱ्याची ‘ब’ची. फाटकावरचा वॉचमन मात्र मला म्हणाला होता, “दादा, नेट न्हाई तर कागदावर लिवून देतो की!” आणि खरं सांगायचं तर, ज्या कारखान्यात दिवसाला चार-पाच चलनं निघतात, तिथे त्याचंच ऐकावं. कार्बनचं बुक, संध्याकाळी एका माणसानं ऑफिसात बसून केलेली नोंद, बास.

४. मोडलेलं ॲप परवडतं, गप्प चुकणारं नाही

ॲप उघडलं नाही तर सुपरवायझर फोन करतो. बेरीज चुकली तर कोणी करत नाही. पॉवर ॲप्सच्या कॅनव्हास ॲपमध्ये ‘डेलिगेशन’ नावाची गोष्ट आहे. मोजणी मूळ डेटा जिथे आहे तिथे करवून घेता आली तर ठीक. नाही आली, तर ॲप पहिल्या ५०० नोंदी फोनवर ओढून आणतं आणि तेवढ्यांचीच बेरीज करतं. मर्यादा वाढवली तरी २,०००. बनवणाऱ्याला पिवळा इशारा दिसतो, वापरणाऱ्याला काहीही दिसत नाही. मागे शेअरपॉइंटची यादी जोडली असेल तर साधी बेरीजसुद्धा तिकडे सोपवता येत नाही. पहिले दोन महिने नोंदी थोड्या, आकडा बरोबर. त्यानंतर ‘जॉबवर्करकडे बाकी’ हा आकडा हळूहळू खोटा होत जातो, आणि तोवर सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास बसलेला असतो.

मोठमोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. २०२० मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंडच्या आकड्यांतून कोविडचे १५,८४१ रुग्ण आठवडाभर गायब होते. एक्सेलच्या जुन्या फाइलप्रकारात ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत, आणि पुढच्या गळून पडल्या. इथेही कुणी आरडाओरडा केला नाही.

म्हणून चाचणीला दहा-वीस नोंदी टाकून समाधान मानू नका. पाच हजार खोट्या नोंदी भरा, ज्यांची बेरीज तुम्हाला आधीच माहीत आहे अशा. मग ॲपचा आकडा आणि तुमचा आकडा जुळतो का बघा. जे टूल हे करू देताना कुरकुर करतं, ते मी घेत नाही.

५. खाडाखोड कशी होते ते बघा

जुन्या मुनीमजींची शिस्त होती: वहीतला आकडा खोडायचा नाही, उलटी नोंद करायची. फ्रॅपेमध्ये हीच शिस्त मुळात आहे. चलन ‘सबमिट’ झालं की त्यात बदल होत नाही. चुकलं असेल तर रद्द करायचं आणि दुरुस्त प्रत काढायची, जिच्या क्रमांकापुढे ‘-१’ लागतं. पहिल्या आठवड्यात सगळे याला वैतागतात. “एक आकडा बदलायला एवढं?” हो, एवढं. कंपनी म्हणून नोंदलेल्या धंद्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं आणि ती बंद करता न येणं बंधनकारक आहे. भागीदारी किंवा एकट्या मालकाच्या धंद्याला तो नियम लागू नसला, तरी जॉबवर्करशी ‘तुम्ही ९० म्हणाला होता’वरून वाद झाला की उपयोगी पडते ती हीच नोंद. बाकीच्या टूल्समध्ये हे जमवता येतं, पण तुम्हाला ते आठवून बांधावं लागतं.

६. टॅलीला हात लावू नका

ॲप चांगलं चालायला लागलं की मालकाला वाटतं, आता बिलिंगही यातच करू. नको. अकाउंटंट टॅलीत बसलेला आहे, सीए टॅलीतलंच बघणार आहे. नगांचा हिशेब ॲपमध्ये, पैशांचा टॅलीत. दोघांमध्ये एक्सएमएल फाइलनं देवाणघेवाण होऊ शकते. टूल निवडताना एवढंच विचारा, की त्यातून हव्या त्या साच्यात डेटा बाहेर काढता येतो का.

७. वर्गणी माणशी, आणि कारखान्यात माणसं फार

बहुतेक परदेशी टूल्सचा दर ‘दर महिन्याला दर माणशी’ असतो. ऑफिसात दहा जण दिवसभर संगणकावर असतात तिथे तो ठीक आहे. कारखान्यात तीन शिफ्ट, प्रत्येक शिफ्टचा वेगळा सुपरवायझर, वेगळा वॉचमन, वेगळा स्टोअरकीपर. आणि प्रत्येक जण दिवसात जेमतेम पाच मिनिटं ॲप उघडणार. माणशी ५ डॉलर धरले तरी ४० जणांचे महिन्याला २०० डॉलर. मग एकच लॉगिन सगळ्यांत फिरतं. ते कराराबाहेरचं तर आहेच, पण कोणी काय नोंदवलं हे कळायचा रस्ताही तिथेच बंद होतो, म्हणजे ज्यासाठी ॲप घेतलं तेच गेलं.

फ्रॅपे किंवा ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोत आहेत, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवले तर माणशी काही द्यावं लागत नाही. हे ऐकून मालक खूश होतात आणि लगेच ‘मग हेच’ म्हणतात. थांबा. सर्व्हरचं भाडं आहे, रोजचा बॅकअप आहे, अपडेट आहेत, आणि रविवारी रात्री बंद पडलं तर उठवणारा माणूस आहे. तो माणूस तुमच्याकडे नसेल तर वर्गणी भरणं स्वस्त पडतं. ॲप किती माणसं वापरणार आणि सांभाळणारं कोणी आहे का, या दोन गोष्टी मांडल्याशिवाय कुठलं टूल ‘स्वस्त’ हे ठरत नाही.

८. लपवणं वेगळं, कुलूप वेगळं

जॉबवर्करला त्याच्यापुरतीच चलनं दिसावीत, शेजारच्याचे दर दिसू नयेत, ही रास्त मागणी. ॲपशीटमध्ये ‘स्लाइस’ करून यादी गाळता येते, आणि पडद्यावर काम झाल्यासारखं वाटतं. पण स्लाइस फक्त पडद्यापुरती. डेटा त्याच्या फोनवर उतरलेलाच असतो. फोनवर जाऊच नये असं हवं असेल तर ‘सिक्युरिटी फिल्टर’ लावावा लागतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अपगार्ड या सुरक्षा कंपनीनं दाखवून दिलं, की पॉवर ॲप्सच्या पोर्टल्समधून ३ कोटी ८० लाख नोंदी उघड्या पडल्या होत्या. कोणी हॅक केलं नव्हतं, तक्त्यांवरची परवानगीची अट मुळातच सुरू नव्हती. बाहेरच्या माणसाला लॉगिन देणार असाल, तर त्याच्या लॉगिननं स्वतः आत शिरून बघा.

९. ॲप कोणाच्या ईमेलवर आहे?

ओळखीच्या एका कारखान्यात अकाउंटंटच्या भाच्यानं सुट्टीत छान ॲप बनवलं. पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली, आणि ॲप, शीट, पासवर्ड सगळं त्याच्या स्वतःच्या जीमेलवर. भांडण नव्हतं, मुलगा चांगला होता, फोन उचलायचा. पण प्रत्येक बदलाला त्याच्या रविवारची वाट बघावी लागायची. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेटमध्ये तर आपोआप चालणारी कामं बनवणाऱ्याच्याच खात्याच्या जोडणीवर चालतात. खातं बंद केलं की कामं अडकतात. म्हणून पहिल्या दिवशी कंपनीच्या नावाचा ईमेल काढा आणि सगळं त्यावर बांधा. बनवणारा कोणीही असो, मालक तो ईमेल.

१०. टूल बंद पडेल असं धरून चाला

आमच्या पिढीनं फॉक्सप्रोवर धंदा केला. शेवटची आवृत्ती २००४ ची, मायक्रोसॉफ्टचा आधार २०१५ च्या जानेवारीत संपला. तरी एवढी मुदत मिळाली. आताची टूल्स तेवढी थांबत नाहीत. गूगलचं ॲप मेकर २०२१ च्या जानेवारीत बंद झालं. ॲमेझॉननं हनीकोड २०२० मध्ये आणलं आणि २९ फेब्रुवारी २०२४ ला गुंडाळलं. फॉक्सप्रोचा प्रोग्रॅम निदान तुमच्या संगणकावर चालत राहायचा. ही टूल्स बंद झाली की पडदाच नाहीसा होतो.

डेटा बाहेर काढता येतो, सगळेच देतात. बाहेर येत नाहीत ते नियम: रिजेक्ट नग कोणाच्या खात्यावर, वर्ष भरायच्या किती दिवस आधी इशारा, अर्धवट आवक कशी जुळवायची. ते साध्या मराठीत कागदावर लिहून ठेवा, टूल बदललं तरी तो कागद चालतो. आता ‘काय हवं ते सांगा, ॲप आम्ही बनवतो’ म्हणणारी एआय टूल्सही आली आहेत. त्यांनाही हाच कागद द्यायचा असतो. तो नसेल तर ती पटकन सुंदर फॉर्म बनवून देतात, आणि आवकेचे ८० पुसून ९५ करतात.

११. मराठीत छापून बघा

पडद्यावर मराठी दिसली म्हणून पीडीएफमध्ये येईलच असं नाही. सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसला की चलनावर चौकोन छापले जातात. असला तरी जोडाक्षरं फुटू शकतात. ‘ज्ञानेश्वर कुऱ्हाडे’ असं नाव टाकून प्रिंट काढा, एका ओळीत सगळी परीक्षा होते. आणि जॉबवर्करची ओळख नावावर ठेवू नका, तीन जण तेच नाव तीन प्रकारे लिहितात. जीएसटी क्रमांकावरही विसंबू नका; लहान जॉबवर्कर बऱ्याचदा नोंदणीच्या उंबरठ्याखाली असतात, त्यांच्याकडे तो नसतोच. स्वतःचा छोटा कोड द्या.

१२. वेळ साधा

निवड मार्चमध्ये करू नका, त्या महिन्यात कोणाला वेळ नसतो आणि चाचणीच्या नोंदी खऱ्या नोंदींत मिसळतात. जानेवारीत दोन टूल्स निवडा, दोन्हींची फुकटची मुदत वापरा, एकाच जॉबवर्करची खरी चलनं दोन्हींत भरा. फेब्रुवारीत एक ठरवा. १ एप्रिलला नव्या मालिकेनं सुरुवात करा आणि पहिले दोन महिने चलनबुक बाजूला चालू राहू द्या. वर्षाची वर्गणी एकदम भरू नका, सूट कितीही दाखवली तरी. ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे, त्यांना जॉबवर्कच्या मालाचा एप्रिल ते सप्टेंबरचा आयटीसी-०४ फॉर्म २५ ऑक्टोबरपर्यंत भरायचा असतो. त्यातले आकडे ॲपमधून सरळ निघाले आणि बुकाशी जुळले, तर टूल बरोबर निवडलंत.